हवापालट आणि अज्ञातवास

स्वारगेटवरून सकाळी सुटणारी महाबळेश्वर गाडी शिरवळ मागे टाकून खंबाटकी घाटाला लागते, तेव्हा गाडीतल्या माणसांकडे नीट पाहावं. पाचगणीच्या निवासी शाळेतल्या लेकराला भेटायला निघालेले आईवडील असतात, आईच्या मांडीवर चकलीचा डबा. वाईला सासरी परतणारी बाई असते. मागच्या बाकावर कॅमेऱ्याच्या काळ्या बॅगा सांभाळणारी पुण्याची दोन-तीन पोरं असतात; मेणवलीच्या घाटावर कुणाच्या तरी ‘प्री-वेडिंग’चं काम त्यांना मिळालेलं असतं. घाट उतरला की सुरूर फाटा. तिथे साताऱ्याचा हमरस्ता सोडून गाडी पश्चिमेला वळते आणि उजव्या हाताला पांडवगड दिसायला लागतो.

‘हवापालट’ हा विषय संपादकांनी दिला, तेव्हा पुणेकराच्या मनात पहिलं नाव याच रस्त्याचं येणार, हे उघड होतं. आधीच्या दोन-तीन पिढ्यांच्या घरांत कुणाला तरी डॉक्टरांनी ‘हवा बदला’ असं सांगितलेलं असतं, आणि ती हवा बहुतेक वेळा पाचगणीची असते. मात्र याच रस्त्याला दुसरीही एक ओळख आहे. देशभरातल्या लोकांनी ही भूमी पडद्यावर अनेकदा पाहिली आहे, तिच्यावर प्रेमही केलं आहे, आणि तिचं नाव त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. बिहार, उत्तर प्रदेश, तमिळनाडू अशा प्रांतांची सोंगं तिने इतक्या सफाईने वठवली, की स्वतःच्या नावाने पडद्यावर येण्याची वेळ तिच्यावर क्वचितच आली.

वाईबद्दलची लोककथा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, पांडवांनी अज्ञातवासाचं वर्ष इथेच काढलं, असं या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बल्लव, बृहन्नडा, सैरंध्री ही सगळी वेषांतरं याच कृष्णाकाठची, अशी इथली श्रद्धा आहे. इतिहासाच्या कसोटीवर ती उतरते का, हा प्रश्न वेगळा. गेली काही दशकं मात्र हे खोरं स्वतःच अज्ञातवासात आहे.

पावसाच्या आडोशाला

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. मधला पसरणीचा घाट उण्यापुऱ्या बारा-तेरा किलोमीटरचा. पायथ्याचं पसरणी गाव हे शाहीर साबळे यांचं जन्मगाव. १९२३ साली ते इथे जन्मले. घाट चढताना डावीउजवीकडची वळणं घेत खोरं खाली खाली जातं, कृष्णेची रेघ आणि धोम धरणाचं पाणी दिसू लागतं, आणि अखेरच्या वळणावर अंगाला लागणारी हवा बदलते. उन्हाळ्यात हा फरक कातडीला कळतो, त्यासाठी तापमापक लागत नाही.

पाचगणीची गोष्ट महाबळेश्वरपासून सुरू होते. मुंबई इलाख्याच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी महाबळेश्वर उन्हाळ्यासाठी वसवलं खरं, पण तिथला पावसाळा राहू देत नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर बसलेल्या त्या गावावर वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. बंगल्यांना गवताच्या झापा बांधून माणसं खाली उतरत. वर्षभर राहता येईल अशी जागा हवी होती. ती महाबळेश्वरच्या पूर्वेला अठरा-एकोणीस किलोमीटरवर सापडली. पश्चिमेकडून येणारे ढग माथ्यावर रिते होतात. पुढच्या त्या थोड्या किलोमीटरांत पाऊस जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि वाईत उतरेपर्यंत आणखी कितीतरी कमी होतो. उंची जवळपास तीच, थंडावा तोच, पण भिंतींना बुरशी धरणार नाही इतपत कोरडेपणा. एका गावाचं नशीब ठरायला एवढं पुरलं.

दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ही जागा. १८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाकडे ती वसवण्याचं काम आलं. त्याने परदेशी झाडं आणून लावली. आज पाचगणीच्या रस्त्यांवर सरळसोट उभी असलेली सिल्व्हर ओकची झाडं आणि डिसेंबरात लाल होणारी पॉइन्सेटिया ही त्या काळाची खूण. शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले, गवंडी यांना बोलावून बाजारपेठेच्या खालच्या अंगाला जागा दिल्या गेल्या. साहेबाचा बंगला नुसत्या हवेवर चालत नाही, हे चेसनला पक्कं ठाऊक होतं. सेंट पीटर्स चर्चच्या दफनभूमीत तो चिरविश्रांती घेतो आहे.

गावाच्या डोक्यावर टेबललँड आहे. जांभा दगडाचं हे सपाट पठार सुमारे ९५ एकरांचं. खाली काळा बेसाल्ट, वर जांभ्याची टोपी, आणि तिच्यावर बोटभर माती. पावसाळ्यात त्या मातीत इवल्या फुलांचे गालिचे उमलतात आणि दिवाळीनंतर सगळं पठार सोनेरी गवताचं होतं. कुठल्याही बाजूला कॅमेरा वळवला तरी चौकटीत विजेचा खांब येत नाही, इमारत येत नाही, येते ती फक्त जमीन आणि आभाळ. गाण्यांच्या चित्रीकरणासाठी हे पठार दिग्दर्शकांना का आवडतं, हे तिथे उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही.

खाटा व्हरांड्यात

क्षयावर औषध नव्हतं, तेव्हा हवा हेच औषध होतं. युरोपात आल्प्सच्या कुशीतल्या दाव्होसने याच विश्वासावर आपलं वैभव उभं केलं. थोमास मान यांची ‘द मॅजिक माउंटन’ ही १९२४ सालची कादंबरी त्याच गावातल्या एका आरोग्यधामात घडते. आपल्याकडे पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे क्षयरुग्णालय काढलं. पारशी समाजाचा पाचगणीशी जुना घरोबा. गावातले कित्येक बंगले आणि आजचा ‘पारसी पॉइंट’ त्याची साक्ष देतात.

सॅनेटोरियमचा दिनक्रम आज वाचताना विचित्र वाटेल. खाटा उघड्या व्हरांड्यात, थंडीतसुद्धा. दिवसातून अनेकदा ताप मोजून तक्त्यावर टिंब. दूध, अंडी, लोणी. आधी महिनोन्‌महिने पडून राहायचं, मग ताप उतरला तर मोजून काही पावलं चालायचं, मग थोडी अधिक. काहींच्या छातीत हवा भरून आजारी फुप्फुसाला विश्रांती दिली जाई. घरापासून दूर, एकाच आजाराच्या माणसांत, महिने आणि कधी वर्षं काढावी लागत. इथून बरी होऊन परतलेली माणसं पुण्यामुंबईच्या घरोघरी होती. न परतलेलीही होती, आणि त्यांच्याबद्दल घरात फार बोललं जात नसे. क्षयाचं नाव निघालं की मुलीचं लग्न अडायचं. ‘हवापालटाला गेली आहे’ हे वाक्य तेव्हा आजार सांगायला वापरत आणि लपवायलाही.

हे सगळं बदललं प्रयोगशाळेत. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ पासून आयसोनायझिड वापरात आलं. पण सॅनेटोरियमच्या पायाला हात घातला तो मद्रासच्या अभ्यासाने. तिथल्या क्षयरोग केंद्रात रुग्णांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवलं, चांगलं खाऊपिऊ घातलं. दुसऱ्याला शहरातल्या दाटीवाटीच्या घरीच राहू दिलं. औषधं दोघांना सारखी. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरी राहिलेलेही तितकेच बरे होतात. हवा, विश्रांती, लोणी यांच्यापेक्षा गोळी नियमित पोटात जाणं महत्त्वाचं होतं. गरीब रुग्णासाठी इतकी मोठी बातमी दुसरी नसेल, आणि डोंगरावरच्या आरोग्यधामांसाठी ती त्यांचं प्रयोजनच काढून घेणारी होती.

दाव्होसची आरोग्यधामं हॉटेलं झाली. १९०० साली सुरू झालेलं शात्साल्प हे त्यांपैकीच एक, आणि २०१५ सालच्या पाओलो सोरेंतिनो यांच्या ‘यूथ’ या चित्रपटाचा काही भाग तिथेच चित्रित झाला. बेल-एअरची वाट निराळी. ती संस्था भारतीय रेड क्रॉसकडे गेली, आणि गेल्या तीन दशकांत तिने एचआयव्हीबाधितांच्या शुश्रूषेचं मोठं काम उभं केलं. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाला सर्वांत आधी गाठतो तो बहुधा क्षयच. ज्या आजाराचं नाव घ्यायला समाज कचरतो, त्याच्या रुग्णाला खाट देणं, हे या जागेचं शंभरावर वर्षांचं काम आहे. पाचगणीच्या पर्यटन नकाशावर पॉइंट ठळक असतात. बेल-एअरचं हे काम त्याहून ठळक छापलं जायला हवं.

हवापालटाचं सर्वांत प्रसिद्ध नाव अर्थातच गांधीजींचं. ६ मे १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून त्यांची सुटका झाली, ती प्रकृती ढासळल्यामुळे. मलेरियाने ते खचले होते. जुहूला विश्रांती, मग पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात मुक्काम, आणि जुलैत पाचगणीचा ‘दिलखुशा’ बंगला. विश्रांती कसली? १७ जुलै १९४४ या एकाच दिवसाची तारीख असलेली दोन पत्रं त्यांनी इथून लिहिली. एक जीनांना, गुजरातीत, भेटीची इच्छा व्यक्त करणारं. दुसरं चर्चिलना. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत गांधी-जीना वाटाघाटी झाल्या, त्यांची एक सुरुवात पाचगणीच्या पावसात झालेली आहे.

काश्मीर जवळच कुठेतरी

हवा बदलायला माणसं येत होती, तेव्हाच दृश्य बदलायला चित्रपटवालेही येऊ लागले होते. त्याआधी पुण्यातल्या ‘प्रभात’चा काळ. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या या कंपनीने जग स्टुडिओतच उभं केलं. कॅमेरे जड, ध्वनिमुद्रण नाजूक. १९३६च्या ‘संत तुकाराम’चं देहूदेखील ‘प्रभात’ने पुण्यातच वसवलं. आज त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

बाहेर पडायचं ठरलं, तेव्हा मुंबईहून एका दिवसात पोचता येणारे डोंगर आधी आठवले. राज कपूर यांच्या १९४९च्या ‘बरसात’ची गोष्ट प्रसिद्ध आहे. कथा काश्मीरची. पण नर्गिस यांच्या आई जद्दनबाई लेकीला काश्मीरला पाठवायला तयार झाल्या नाहीत, आणि काश्मीर महाबळेश्वर-खंडाळ्यात उभं राहिलं. बिमल रॉय यांच्या १९५८च्या ‘मधुमती’चंही असंच. नैनिताल परिसरात चित्रित झालेली बरीच फिल्म खराब निघाली, पुन्हा तिकडे जाणं परवडणारं नव्हतं, तेव्हा इगतपुरीच्या बाजूला आणि मुंबईच्या आरे कॉलनीत खोटी पाइनची झाडं रोवून हिमालय पुरा केला गेला. प्रेक्षकाला शंका आली नाही. सह्याद्रीची नक्कल करण्याची ताकद निर्मात्यांना कळली ती अशा अडचणींतून.

वाई कुठे कुठे जाऊन आली

पसरणीचा घाट उतरून पुन्हा वाईत यावं. कृष्णेवरचे दगडी घाट, काठावरची देवळं, अरुंद गल्ल्या, ओसरीचे वाडे. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. मूर्ती भव्य, आणि देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती. कृष्णेचा पूर तिच्यावर आदळून दुभंगावा म्हणून. बांधणाऱ्यांचा नदीबद्दलचा आदर आणि हिशेब, दोन्ही त्या भिंतीत दिसतात. जवळच प्राज्ञपाठशाळा, जिच्यात केवलानंद सरस्वती आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी विद्येचा संसार मांडला. मराठी विश्वकोशाचं कामही याच गावातून चाललं. वाईला दक्षिण काशी म्हणतात, आणि चित्रपटवाल्यांनी ते शब्दशः घेतलं.

प्रकाश झा यांनी १९९७च्या ‘मृत्युदंड’साठी आणि मग २००३च्या ‘गंगाजल’साठी वाईला बिहार केलं. ‘गंगाजल’च्या कथेमागे १९८०च्या सुमाराचं भागलपूरचं आंधळे करण्याचं भीषण प्रकरण आहे, पडद्यावरचं तेजपूर मात्र बरंचसं कृष्णाकाठचं. विशाल भारद्वाज यांच्या ‘ओंकारा’त (२००६) याच खोऱ्याने पश्चिम उत्तर प्रदेशच्या बाहुबलींना जागा दिली. २०१० साली ‘इश्किया’ आणि ‘दबंग’ आले, आणि वाई एकाच वर्षात गोरखपूरच्या बाजूलाही जाऊन आली आणि लालगंजलाही. २०१३च्या ‘चेन्नई एक्सप्रेस’साठी तर तिने विंध्य ओलांडणं सोडून उलट दिशा धरली. तमिळ पाट्या, कमानी, रंगवलेली घरं. रोहित शेट्टी यांच्या सेटवर वाई तमिळनाडूतलं गाव झाली.

हे एकट्या वाईचं भाग्य नव्हे. चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी हे गरम झऱ्यांचं गाव. तिथे शतकानुशतकं युरोपातले श्रीमंत रोगी पाणी प्यायला येत. २००६च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये जेम्स बाँड जुगार खेळायला मॉन्टेनेग्रोला जातो, तेव्हा पडद्यावर दिसतं ते कार्लोव्ही व्हारी, आणि त्याचं हॉटेल म्हणजे तिथलं ग्रँडहॉटेल पुप. आजारी माणसांना रिझवायला सजलेली गावं देखणी राहतात, त्यांत राहण्याजेवणाची सोय असते, परक्यांची सवय असते. चित्रपटाच्या युनिटला आणखी काय हवं असतं? फरक इतकाच, की कार्लोव्ही व्हारीत १९४६ पासून मोठा चित्रपट महोत्सव भरतो आणि गावाचं नाव जगभर घेतलं जातं.

बिहार कसा घडवतात

गावाचं प्रांतांतर हे अवघड आणि कष्टाचं काम आहे. आधी ‘रेकी’ होते. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि कलादिग्दर्शक गल्ल्या पालथ्या घालतात. सकाळचं ऊन कुठल्या भिंतीवर पडतं, घाटाची कुठली पायरी दुपारी सावलीत जाते, याच्या नोंदी होतात. मग प्रॉडक्शनची माणसं परवानग्यांच्या मागे लागतात. रस्ता असेल तर नगरपालिका, गाव असेल तर ग्रामपंचायत, देऊळ असेल तर विश्वस्त, बंदोबस्तासाठी पोलीस, वाडा असेल तर त्याचे मालक, आणि वाड्याला हिस्सेदार किती हे तर सर्वांना ठाऊक. इथे स्थानिक समन्वयकाशिवाय पान हलत नाही. कुणाच्या अंगणात व्हॅनिटी व्हॅन उभी राहील, जनरेटरचा आवाज कुठल्या गल्लीत चालेल, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे म्हणून रात्री दिवे लावायचे नाहीत, हे त्याला माहीत असतं.

त्यानंतर गाव पुसायला घेतात. मराठी पाट्या उतरतात, हिंदी चढतात. ‘जि. सातारा’ जिथे जिथे लिहिलंय तिथे कापड, फळी किंवा रंग. गाड्यांच्या एमएच-११च्या नंबरपाट्यांवर दुसऱ्या राज्याच्या पाट्या. एसटीची लाल गाडी चौकटीत शिरली तर टेक वाया, म्हणून गाडी येण्याची वेळ साधून शॉट लावायचा. गांधी टोपी जाते, गमछा येतो. नऊवारी नेसलेल्या आजीला चौकटीबाहेर बसवायचं किंवा तिच्या डोक्यावर पदर ओढायचा. बोलणारी पात्रं आणि सराईत ज्युनिअर आर्टिस्ट मुंबईहून येतात, गर्दी गावची. रोजावर बसलेल्या त्या गर्दीत शेतमजूर असतात, कॉलेजची पोरं असतात, आणि हौसेने आलेले निवृत्त मास्तरही.

सर्वांत मोठी डोकेदुखी नदीची. वाईच्या वर काही किलोमीटरवर धोम धरण आहे. पाणी सोडलं की घाटाच्या पायऱ्या बुडतात, बंद केलं की उघड्या पडतात. काल नायिका ज्या पायरीवर बसली होती ती आज पाण्याखाली असेल, तर दोन शॉट जुळणार कसे? त्यासाठी आवर्तनाच्या तारखा विचारून वेळापत्रक आखावं लागतं. म्हणजे खालच्या शेतीसाठी ठरलेला पाण्याचा हिशेब, आणि त्याच्या फटीत बसवलेलं चित्रपटाचं शेड्यूल.

आणि दिवस मोजकेच मिळतात. पावसाळा गेला की डोंगर हिरवे असतात ते दिवाळीपर्यंत. मग पिवळे, मग करडे. कथेला हिरवाई हवी असेल तर ऑक्टोबर गाठायचा. उत्तरेकडचं रखरखीत गाव हवं असेल तर मार्च-एप्रिल. लॉजवाले, जेवणवाले, टेम्पोवाले, सुतार, रंगारी यांचा हंगाम या हिशेबाने चालतो. शूटिंगचा पैसा गावात कुठे कुठे झिरपतो, हे पाहायचं तर नटांकडे पाहू नये. पहाटे चारला दोनशे माणसांचे पोहे कढईत टाकणाऱ्या आचाऱ्याकडे पाहावं.

मेणवली, चरणपूर, बिलगाव

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. १७६८च्या सुमारास नाना फडणिसांना हे गाव मिळालं आणि त्यांनी इथे वाडा, घाट आणि शिव-विष्णूंची देवळं बांधली. वाड्याचे चौक, लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं. मागच्या दारातून उतरलं की कृष्णेचा चंद्रकोरीसारखा घाट. तिथे एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती, कारण ती पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली. कृष्णेच्या काठी, शंकराच्या सान्निध्यात, ती घंटा अडीचशेहून अधिक वर्षं नांदते आहे.

नानांचं दप्तर याच वाड्यात होतं. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी ते मिळवून साताऱ्याच्या संग्रहालयात नेलं आणि १९३९ साली ते पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये आलं. उत्तर पेशवाईचा अभ्यास ज्याला करायचा त्याला ‘मेणवली दप्तर’ टाळता येत नाही. आज मात्र घाटावर उतरणारे बहुतेक पाहुणे विचारतात ते ‘स्वदेस’चं घर कुठलं आणि शाहरुख कुठे बसला होता.

आशुतोष गोवारीकर यांच्या २००४च्या ‘स्वदेस’मध्ये मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली. नासात काम करणारा मोहन गावात येतो आणि वाहत्या पाण्यावर वीज निर्माण करतो, ही त्याची कथा. तिचं नातं जोडलं जातं ते महाराष्ट्राच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या बिलगावशी, जिथे आदिवासींनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी लहानसा जलविद्युत प्रकल्प उभारला होता. म्हणजे सातपुड्यातल्या मराठी मुलखात जे घडलं, ते कथेत गंगेच्या प्रांतात गेलं, आणि चित्रित व्हायला पुन्हा कृष्णाकाठी आलं. दुहेरी अज्ञातवास!

त्या चित्रपटातला एक प्रसंग मेणवलीच्या संदर्भात विशेष मोलाचा आहे. गावात पडदा लावून १९७३चा ‘यादों की बारात’ दाखवतात. सवर्ण पडद्याच्या पुढे बसतात, बाकीचे मागे. त्यांना चित्रपट उलटा दिसतो. वीज जाते, आणि मोहन पडदा खाली पाडून सगळ्यांना एकत्र तारे दाखवतो. पडदा कुणाला कुठल्या बाजूने दिसतो, हा प्रश्न पेशव्यांच्या कारभाऱ्याच्या गावी विचारला जावा, यात फार मोठी ताकद आहे. दिग्दर्शकाने ही जागा निवडली तेव्हा हे मनात होतं की नाही, याने फरक पडत नाही. घाट स्वतःच बोलतो.

जिथे सोंग घ्यावं लागलं नाही

पाचगणीच्या वाट्याला एक भूमिका अशी आली, की ती जवळजवळ स्वतःचीच होती. २००७चा ‘तारे जमीन पर’. अक्षरं डोळ्यांपुढे नाचतात म्हणून वर्गात मागे पडलेला ईशान, त्याला शिस्त लागावी म्हणून दूरच्या निवासी शाळेत टाकणारे आईवडील, आणि त्याला ओळखणारे चित्रकलेचे निकुंभ सर. चित्रीकरण झालं ते पाचगणीच्या न्यू इरा हायस्कूलमध्ये. बहाई समाजाने १९४५ साली काढलेली ही शाळा.

शाळा हा पाचगणीचा हवेइतकाच जुना उद्योग. क्षयरुग्णांना मानवणारी कोरडी, थंड हवा मुलांनाही मानवेल, या हिशेबाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे सेंट जोसेफ, किमिन्स, सेंट पीटर्स, बिलिमोरिया, संजीवन अशा शाळा निघत गेल्या. झांजीबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा १९५०च्या दशकात सेंट पीटर्समध्ये शिकला. इथेच त्याने मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. त्याच्यावरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ २०१८ साली आला, पण त्याची गोष्ट उलगडते ती लंडनमध्ये.

‘तारे जमीन पर’चं यश असं, की त्यात डोंगर सजावटीला वापरलेला नाही. आई निघून जाते, गाडी वळणाआड होते, आणि मूल त्या सुंदर आवारात एकटं उरतं. पाचगणीच्या कित्येक वसतिगृहांनी, आणि त्याआधी बेल-एअरच्या व्हरांड्यांनी, हा प्रसंग खरोखर पाहिलेला आहे. घरच्या माणसाला त्याच्या भल्यासाठी दूर डोंगरावर ठेवून येणं आणि घाट उतरताना मागे वळून न पाहणं, हे या गावाच्या आयुष्याचं मध्यवर्ती दृश्य आहे. हिंदी चित्रपटाने ते एकदा तरी नेमकं पकडलं, याचा आनंद आहे.

घाटाचं बिल कोण भरणार

१७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. बांधकाम, वृक्षतोड, पठारांचा वापर यांवर त्याने बंधनं आली. ती काहींना जाचतात. पण टेबललँडवर उभं राहून पाहिलं तर त्यांची गरज पटते. जांभ्यावरची ती बोटभर माती एकदा चाकांनी, टापांनी दाबली गेली, की पाणी मुरत नाही, वाहून जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे फूल उगवत नाही. माती तयार व्हायला शतकं लागतात. एका गाण्याचं चित्रीकरण चार दिवसांत संपतं.

खाली नदीकाठीही हेच. सेट उतरवल्यावर थर्माकोल, प्लास्टरचे तुकडे, वायरींची भेंडोळी उरतात. दगडी घाटाच्या सांध्यांत ठोकलेल्या खिळ्यांनी चुना सुटतो, तिथे पाणी शिरतं, पिंपळ रुजतो. मोठी युनिटं निदान परवानगी घेतात आणि अनामत भरतात. आता मात्र जवळपास रोज पुण्याहून एखादं जोडपं, एक छायाचित्रकार आणि रंगीत धुराच्या नळकांड्या घेऊन गाडी येते. रंग पायरीवर बसतो तो बसतोच. त्या पोरांना घाटाबद्दल राग नाही, उलट त्यांना तो आवडतो म्हणूनच ती एवढ्या लांब आलेली असतात. तो कुणी बांधला आणि कोण राखतं, हे सांगायची सोय तिथे कुणी केलेली नाही.

महाबळेश्वरच्या वाटेवरचं भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ झालं, आणि केवळ स्ट्रॉबेरीसाठी थांबणारी माणसं तिथे आता पुस्तकांसाठीही उतरतात. सरकारने मनावर घेतलं तर गावाला नवी ओळख देता येते, हे त्यातून दिसलं. वाई-मेणवलीला नवी ओळख द्यायची गरजच नाही, असलेली परत करायची आहे. चित्रीकरणाच्या शुल्कातला ठरावीक वाटा त्याच घाटाच्या डागडुजीला जावा, चुन्यातच, सिमेंटात नव्हे. पॅकअपनंतरच्या सफाईची तपासणी ग्रामपंचायतीने करावी आणि मगच अनामत परत द्यावी. चित्रपटाच्या सुरुवातीला, नटांच्या नावांबरोबर, चित्रीकरणाच्या गावाचं नाव तालुक्या-जिल्ह्यासकट पडद्यावर यावं. आणि मेणवलीच्या घाटावर एक फलक लागावा: नाना फडणीस, वसईची घंटा, डेक्कन कॉलेजात असलेलं दप्तर आणि ‘स्वदेस’, या क्रमाने. पुण्याहून सकाळच्या गाडीने निघालेला माणूस दहा-साडेदहाला तिथे पोचतो, त्याच्याजवळ वाचायला भरपूर वेळ असतो.